नगराचे वैयावृत्त्य

केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यात एखाद्या किराणा दुकानी गिऱ्हाईक पैसे चुकते करते, तेव्हा गल्ल्याशेजारी ठेवलेली एक लहानशी पेटी त्याच्या नजरेस पडते. परत मिळालेल्या सुट्या पैशांतले दोन-पाच रुपये तीत टाकून ते पुढे जाते. पेटी भरते ती त्याच गावात, चार गल्ल्या पलीकडे, अंथरुणाला खिळलेल्या माणसांसाठी. दाता आणि गरजवंत यांच्यामध्ये येथे मोठी संस्था नाही, कोनशिला नाही, सत्कारसमारंभ नाही. दुकानदारही या रकमेकडे दानधर्म म्हणून फारसे पाहत नाही. रोजमेळातील एखादी नित्याची नोंद असावी तसे ते त्याच्या अंगवळणी पडले आहे.

या पेटीमागची हकीकत 1993 मध्ये सुरू होते. कोझिकोडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी काही सहकाऱ्यांसह वेदनाशमनाचे काम करणारी एक संस्था स्थापन केली. ज्यांचा आजार बरा होण्यासारखा नाही, पण ज्यांचे दुखणे हलके करता येते, अशा रुग्णांसाठी ती होती. आज ज्याला पॅलिएटिव्ह केअर किंवा उपशामक सेवा म्हणतात, तीच ही. भारत कायदेशीररीत्या अफू पिकवणाऱ्या मोजक्या देशांपैकी एक. त्या अफूपासून होणारे मॉर्फिन मात्र भारतातील कर्करुग्णाला मिळणे 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यामुळे दुरापास्त झाले होते. संसदेने त्यात दुरुस्ती केली ती 2014 मध्ये. तोवर किती माणसे कण्हत गेली असतील याचा हिशेब कोणत्याही वहीत सापडणार नाही.

डॉक्टरांच्या लवकरच एक गोष्ट ध्यानात आली. दवाखाना कितीही चांगला असला, तरी ज्याला उठून बसता येत नाही तो तेथवर येणार कसा? शिवाय घरी गेल्यावर असे दिसे की, दुखणे एकट्या रुग्णाचे नसते. कर्ता पुरुष आजारी पडला की चूल थंडावते, मुलाची शाळा सुटते, म्हातारी आई स्वतःची औषधे आणणे बंद करते आणि सून रात्र-रात्र जागून स्वतःच आजारी पडते. एका खाटेभोवती तीन पिढ्यांचे हाल गोळा झालेले असतात. गोळीने वेदना थांबते. तांदूळ, वह्या-पुस्तके आणि दोन तास सोबतीला बसणारा माणूस यांची सोय गोळीने होत नाही.

यातून 2001 च्या सुमारास मलप्पुरम जिल्ह्यात शेजारधर्मावर आधारलेले सेवेचे जाळे उभे राहिले. आठवड्याला किमान 2 तास देऊ शकेल अशा कोणालाही त्यात येता येई. मात्र आधी 16 तासांचे शिक्षण घ्यावे लागे आणि काही दिवस अनुभवी पथकाबरोबर रुग्णांकडे जावे लागे. शिकलेली दहा-पंधरा माणसे मिळून एक गट करीत आणि आपल्या भागाची घरोघर पाहणी करीत. शिक्षक, रिक्षाचालक, दुकानदार, गृहिणी, महाविद्यालयीन मुले अशी ही माणसे. डॉक्टर आणि परिचारिका त्यांच्या मागे उभ्या असत. पुढे असत ते शेजारी. खर्चाचा मोठा भाग गावातच, लहान-लहान रकमांतून उभा राही. मोठ्या देणगीदाराचे मन फिरले की बंद पडावे, असे ते काम राहिले नाही.

समाजसेवेच्या अनेक उपक्रमांची गोष्ट येथेच संपते. पहिल्या पिढीचा उत्साह ओसरतो आणि मागे फलक उरतो. केरळमध्ये पुढचे पाऊल पडले. एप्रिल 2008 मध्ये राज्य शासनाने उपशामक सेवेचे धोरण जाहीर केले आणि गृहभेटींची जबाबदारी पंचायती व नगरपालिकांकडे आली. परिचारिकेचे मानधन, गाडीचा खर्च, औषधे यांची तरतूद स्थानिक अंदाजपत्रकात होऊ लागली. शेजाऱ्यांनी सुरू केलेले काम गावाच्या कारभाराचा भाग झाले आणि तरीही शेजारी त्यातून बाहेर पडले नाहीत. या दोन गोष्टी एकत्र क्वचितच घडतात.

नऊ प्रश्नांची खतावणी

हे शक्य झाले, कारण केरळच्या नगरपालिकांना अशा कामाची सवय आधीपासून होती. तेथील 1994 च्या नगरपालिका कायद्यानुसार अर्थ, विकास, आरोग्य, बांधकाम यांच्या जोडीला क्षेमकार्य, म्हणजे कल्याण, या विषयाची स्वतंत्र स्थायी समिती असते. 1996 मध्ये लोकयोजना मोहीम सुरू झाली आणि राज्याच्या योजनाखर्चातील 35 ते 40 टक्के रक्कम स्थानिक संस्थांकडे सोपवण्याचे ठरले. समितीला नाव मिळाले आणि नावाबरोबर पैसाही मिळाला. पैशाविना समिती म्हणजे भांडवलाविना पेढी, हे व्यापाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

त्याही आधी, 1990 च्या दशकाच्या आरंभी, अलप्पुझा नगरपालिकेने एक वेगळा प्रयोग केला होता. जुन्या पिढीला हे शहर अलेप्पी म्हणून ठाऊक आहे. काथ्याचा व्यापार, कालवे आणि बंदर यांचे शहर. युनिसेफच्या मदतीने बालकांच्या पोषणाचा कार्यक्रम तेथील 7 वॉर्डांत हाती घेण्यात आला. गरीब कोण हे ठरवायचे कसे, असा प्रश्न आला. उत्पन्न विचारले तर कोणीही खरे सांगत नाही. गरीब लाजेने लपवतो आणि सधन लोभाने. तेव्हा उत्पन्न विचारायचेच नाही असे ठरले. त्याऐवजी डोळ्यांना दिसतील किंवा शेजारणीला ठाऊक असतील अशा 9 गोष्टी निवडल्या. घर कच्चे आहे काय? शौचालय आहे काय? पिण्याचे शुद्ध पाणी जवळ मिळते काय? घरात निरक्षर प्रौढ आहे काय? कमावते माणूस एकच, किंवा तेही नाही, असे आहे काय? दोन वेळचे जेवण मिळण्याची भ्रांत आहे काय? पाच वर्षांखालील मूल आहे काय? कोणी दारूच्या वा अन्य व्यसनाच्या आहारी गेले आहे काय? कुटुंब अनुसूचित जाती-जमातीचे आहे काय? नऊपैकी चार किंवा अधिक उत्तरे होकारार्थी आली की ते घर जोखमीचे धरायचे.

प्रश्न साधे आहेत, पण त्यांची निवड विचार करून केलेली आहे. त्यांत तान्हे मूल आहे, निरक्षर आजी आहे, व्यसनी बाप आहे आणि एकटी कमावती आई आहे. योजना वयाप्रमाणे वेगळ्या खात्यांत वाटलेल्या असतात. घर मात्र एकच असते, आणि ही पाहणी घराकडे घर म्हणून पाहत होती. ती केली त्याच वस्तीतील स्त्रियांनी. या अनुभवातून आणि नंतर मलप्पुरममधील कामातून 1998 मध्ये राज्यव्यापी कुटुंबश्री कार्यक्रम आकाराला आला. पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. दहा ते वीस घरांतील एकेक स्त्री मिळून शेजारगट होतो, शेजारगट मिळून वॉर्डाची संस्था होते आणि सर्व वॉर्ड मिळून नगराची. आठवड्याची बचत हे या मंडळींना एकत्र आणणारे निमित्त. पण प्रत्येक शेजारगटात अध्यक्षा व चिटणीस यांच्याबरोबरच एकीकडे आरोग्य आणि शिक्षण, दुसरीकडे उत्पन्नाची साधने आणि तिसरीकडे पाणी-रस्त्यासारख्या सोयी अशी कामे वाटून दिलेली असतात. कोणाच्या घरी काय उणे आहे, हे गटाला आठवड्याच्या आत कळते.

एकदा अशी वीण बसली की तीवर निरनिराळ्या वयाची कामे चढवता येतात. शाळकरी मुलांच्या बालसभा याच शेजारगटांच्या आधाराने भरतात. बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांसाठी पंचायती व नगरपालिका बड्स नावाच्या शाळा चालवतात. अठरा वर्षांनंतर याच मुलांना सामावून घेणारी पुनर्वसन केंद्रे आहेत. हा दुसरा टप्पा विशेष महत्त्वाचा. अशा मुलांच्या आईबापांची खरी काळजी अठराव्या वर्षानंतर सुरू होते. शाळेचे दार बंद होते, मूल वयाने वाढते आणि सांभाळणारे हात म्हातारे होत जातात. जैन घरांतही अशी मुले आहेत. त्यांच्याविषयी लग्नसमारंभात कोणी विचारत नाही आणि घरचेही सांगत नाहीत.

वृद्धांसाठी शहरांतून वयोमित्रम ही योजना चालते. पासष्ट आणि त्यापुढील वयाच्या माणसांसाठी फिरता दवाखाना ठरल्या दिवशी वॉर्डात येतो, तपासणी होते, मधुमेह आणि रक्तदाबाच्या गोळ्या विनामूल्य मिळतात. राज्याची सामाजिक सुरक्षा संस्था आणि नगरपालिका मिळून ती चालवतात. गोळ्यांइतकाच मोलाचा असतो ठरला दिवस. एखादे आजोबा त्या दिवशी आले नाहीत, तर ते का आले नाहीत असा प्रश्न कोणाला तरी पडतो.

2021 नंतर केरळने अतिदरिद्री कुटुंबांची यादी स्थानिक संस्थांमार्फत केली. 64,006 कुटुंबे निघाली. प्रत्येकासाठी वेगळा आराखडा करण्यात आला, कारण एकाला घर हवे होते, दुसऱ्याला उपचार, तर तिसऱ्याला केवळ शिधापत्रिका. 1 नोव्हेंबर 2025 रोजी राज्य अतिदारिद्र्यमुक्त झाल्याची घोषणा झाली. तीवर अर्थतज्ज्ञांनी आणि विरोधकांनी आक्षेपही घेतले. घोषणेचे काय ते वादात ठरेल. घरागणिक आराखडा करण्याची रीत मात्र कोणत्याही गावाने उचलावी अशी आहे.

केरळमध्ये सारे गोमटे आहे असा याचा अर्थ नाही. समित्यांत पक्षीय ओढाताण असते. एका गावी पथक उत्तम तर शेजारच्या गावी कागदोपत्री, असा फरक असतो. शेजारगटांतील स्त्रियांवर सरकारी कामांचे ओझे इतके वाढत गेले की, सेवा कोठे संपते आणि वेठ कोठे सुरू होते, असे विचारावेसे वाटते. तरुण मुले परदेशी आणि मागे वृद्ध आईबाप, ही केरळची स्थिती आहेच. 2011 च्या जनगणनेत देशातील साठ वर्षांवरील लोकांचे प्रमाण 8.6 टक्के होते, तेव्हा केरळमध्ये ते 12.6 टक्के होते. गरज आधी आली म्हणून वाटही आधी शोधावी लागली.

बंद दुकानाच्या वरचा मजला

जैन समाजाला ही स्थिती परकी वाटू नये. या किनाऱ्यावरच्या बंदरांतून जैन व्यापारी पूर्वीपासून वसलेले आहेत. कोचीतील मट्टनचेरीचे धर्मनाथ भगवंतांचे मंदिर 1904 मधील. पण नाते त्याहून जवळचे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 2015-16 मध्ये जैन समाजातील जननदर 1.2 होता आणि 2019-21 मध्ये 1.6. दोन्ही वेळा तो देशाच्या सरासरीपेक्षा कमीच राहिला. 2011 च्या जनगणनेत देशात सुमारे 44.5 लाख जैन नोंदले गेले. त्यांतील 14 लाख महाराष्ट्रात होते. इतके अन्य कोणत्याही राज्यात नाहीत. देशातील जैनांपैकी जवळपास 80 टक्के शहरांत आणि नगरांत राहतात. म्हणजे हा लहान कुटुंबांचा, लवकर वृद्ध होणारा आणि नगरवासी समाज आहे.

आकडे बाजूला ठेवले तरी कोणत्याही तालुक्याच्या गावची पेठ हेच सांगते. खाली कापडाचे वा भुसाराचे दुकान, वर घर. मुलगा पुण्यात नोकरीला किंवा अमेरिकेत, मुलगी सासरी. दुकानाचे शटर तीन वर्षांपूर्वी ओढले गेले ते पुन्हा वर गेले नाही. वरच्या मजल्यावर दोघेच. आणि जिना असा अरुंद की गुडघे दुखू लागल्यापासून देवदर्शनही सुटले. पैशाची वाण नाही. मुलगा पैसे पाठवतो, पण कूस बदलायला पैसे येत नाहीत. एके काळी या घराला आधार होता तो शेजारच्या चार घरांचा. ती चार घरेही आता तशीच आहेत.

त्याच गावात समाजाचे मंगल कार्यालय असते, धर्मशाळा असते, बहुधा पांजरपोळही असते. संस्था उभारण्यात हा समाज कधी मागे राहिला नाही. दक्षिण महाराष्ट्रातील जैनांनी 1899 मध्ये सभा स्थापन केली आणि मुलांच्या शिक्षणासाठी वसतिगृहे काढली. कोल्हापूरच्या जैन बोर्डिंगमध्ये राहिलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे 1919 मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापून सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवले. 1993 च्या लातूर भूकंपानंतर भारतीय जैन संघटनेने सुमारे 1,200 मुलांना पुण्यात आणून शिकवले. आपत्ती आली की धावून जाणे आणि वास्तू बांधणे, या दोन्ही बाबतींत समाजाचा हात कोणी धरू शकणार नाही. दर मंगळवारी त्याच घरी, त्याच जिन्याने वर जाणे, हे तिसरे काम तेवढे कोणाच्याच खात्यावर नाही.

नगरपालिकेच्याही खात्यावर ते नाही, असे मात्र म्हणता येत नाही. संविधानाच्या 74 व्या दुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नगरांकडे सोपवण्याजोगे 18 विषय आहेत. जन्म-मृत्यूच्या नोंदीपासून स्मशानभूमीपर्यंत माणसाचे सारे आयुष्य त्या यादीत आले आहे. दुर्बल घटकांच्या आणि अपंगांच्या हिताचे रक्षण हा त्यांतील एक विषय. प्राण्यांवरील क्रूरतेस प्रतिबंध हाही एक विषय आहे, आणि तो पुष्कळ जैन कार्यकर्त्यांना पाठ असतो. पांजरपोळाच्या जागेसाठी किंवा पर्युषणात कत्तलखाने बंद राहावेत यासाठी नगरपालिकेकडे निवेदन घेऊन जाणारा समाज त्याच यादीतील माणसांच्या विषयासाठी सहसा तेथे जात नाही. जीवदयेत पंचेंद्रिय मनुष्यही येतो, याची आठवण साधू-साध्वी प्रवचनांतून करून देत असतातच.

महाराष्ट्राच्या 1965 च्या नगरपरिषद अधिनियमात विषय समित्यांची तरतूद आहे. महिला व बालकल्याण ही त्यांतील एक. दिव्यांगांसाठी स्वउत्पन्नाच्या 5 टक्के रक्कम राखून ठेवणे स्थानिक संस्थांना बंधनकारक आहे. हा पैसा पुष्कळ ठिकाणी वर्षअखेरीस घाईने साहित्य वाटून संपवला जातो, नाहीतर पडून राहतो. शिलाई यंत्र वाटले की छायाचित्र निघते. ते घरी चालते की नाही हे पाहायला कोणी जात नाही. वृद्धांचे नाव तर कोणत्याच समितीच्या पाटीवर नाही. दोष सगळा नगरसेवकांचा नाही. मागणाराच नसेल तर अंदाजपत्रकात रकाना उघडायचा कोणासाठी?

अठ्ठेचाळीस सेवक

नित्य सेवेची कल्पना जैन परंपरेला नवी नाही. वैयावृत्त्य, श्वेतांबर घरांतील वैयावच्च, हे आभ्यंतर तपांपैकी एक तप आहे. उपवासाच्या पारण्याची पत्रिका निघते. या तपाची पत्रिका कधी पाहण्यात येत नाही. शिवार्यांच्या भगवती आराधना या प्राकृत ग्रंथात समाधिमरण स्वीकारलेल्या क्षपकाच्या सेवेची जी व्यवस्था सांगितली आहे, ती कोणत्याही नगर समितीने अभ्यासावी इतकी बारकाईची आहे. त्यासाठी 48 निर्यापक मुनी सांगितले आहेत आणि त्यांची कामे चार-चार जणांत वाटली आहेत. चौघांनी क्षपकाला उठवणे-बसवणे आणि कूस बदलण्यास साहाय्य करणे, चौघांनी धर्मकथा सांगणे, चौघांनी आहाराची आणि चौघांनी पानाची व्यवस्था पाहणे, चौघांनी मलमूत्राची स्वच्छता ठेवणे, चौघांनी दाराशी राहणे, अशी ती विभागणी आहे. काळ प्रतिकूल असेल तर संख्या कमी होत जाते, पण दोनांच्या खाली येत नाही. एकट्याच्या भक्तीवर आजाऱ्याला सोपवायचे नाही, हे तेथे नियमानेच ठरवून टाकले आहे. आज एकटी सून किंवा एकटी पत्नी ज्या घरात वर्षानुवर्षे शुश्रूषा करीत आहे, त्या घरांची संख्या मोजली तर हा नियम किती ठिकाणी मोडला जात आहे ते कळेल.

ही मोजणी कोठून सुरू करावी, हा अडचणीचा प्रश्न नाही. बहुतेक गावांत संघाची किंवा समाजाची डिरेक्टरी निघते. तीत कुटुंबप्रमुखाचे नाव, मूळ गाव, गोत्र, पेढीचा पत्ता, रक्तगट आणि विवाहयोग्य मुलामुलींचे शिक्षण असते. अंथरुणावर कोण आहे, एकटे कोण राहते, अठरा पूर्ण झालेले विशेष मूल कोणाच्या घरी आहे, रात्री-अपरात्री हाक मारायची झाली तर किल्ली कोणाकडे आहे, हे मात्र तीत नसते. हा तपशील छापून घरोघर वाटावा असा नाहीच. विश्वासातल्या दोघा-तिघांच्या वहीत तो असला म्हणजे झाले. चातुर्मासात सारा समाज एकत्र येतो आणि तरुणही मंडळाच्या कामासाठी मोकळे सापडतात. अशी वही त्या चार महिन्यांत सहज भरते.

पण समाजाची वही समाजाच्या उंबरठ्याशी थांबते आणि वॉर्ड तेथे थांबत नाही. पेठेतील त्याच जिन्याखाली हमालाचे कुटुंब राहते. दुकानात तीस वर्षे काट्यावर उभा राहिलेला दिवाणजी मागच्या बोळात पक्षाघाताने पडून आहे आणि त्याच्या नातवाने दहावीनंतर शाळा सोडली आहे. मलप्पुरमच्या पथकांनी घरे मोजली ती जात आणि धर्म विचारून नव्हे. नगरपरिषदेचे अंदाजपत्रक सर्वसाधारणपणे फेब्रुवारीअखेर सभेपुढे येते. त्याआधी, दिवाळीचे वहीपूजन आटोपले की, समाजाचे चार विश्वस्त आणि वॉर्डातील चार शेजारणी सर्व घरांची यादी घेऊन समितीच्या सभापतींकडे गेल्या, तर मागणी एवढीच करावी लागेल: एक परिचारिका, एक गाडी आणि आठवड्याचा एक ठरलेला दिवस. मानधन पालिकेने द्यावे, औषधांचा वाटा ट्रस्टने उचलावा आणि सुट्या पैशांची पेटी पेठेतल्या दुकानांनी गल्ल्याशेजारी ठेवावी. दिवाणजीच्या घराचा क्रमांक त्या यादीत कितवा असेल, हे वॉर्डातल्या शेजारणींना आजही सांगता येईल.